भरल्या ताटाचा दोष

"हात काढ त्या पिठातून!"

रोसांदाचा आवाज दारातून आला आणि नेवेनाचे हात मळलेल्या पिठात होते तिथेच थांबले. सासू कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. डोक्याला काळा रुमाल, कमरेला एप्रन, आणि डोळ्यांत गेली तीन वर्षं रोज दिसणारा तो कोरडा राग.

"आई, मळून होत आलंय. आता फक्त झाकून ठेवायचं..."

"संताचा पाव आहे तो. ज्या हातांना या घराला एक लेकरू देता आलं नाही, त्या हातांचा पाव मी यंदा देवापुढे ठेवणार नाही. ऊठ, मी मळते."

नेवेना उठली. तिने नळाखाली हात धुतले, बोटांच्या पेरांत अडकलेलं पीठ नखाने काढलं, आणि बटाटे सोलायला बसली. बोलायला एक वाक्य तिच्याजवळ होतं. ते उच्चारलं असतं तर सासूची मान कायमची खाली गेली असती... पण त्या वाक्याने आणखी एक मान खाली गेली असती, आणि ती मान नेवेनाला स्वतःच्या मानेपेक्षा प्रिय होती!

दुसऱ्या दिवशी एकतीस ऑक्टोबर, संत लुकाचा दिवस. हा या घराण्याचा संत, आणि त्याचा दिवस म्हणजे घरची स्लावा. स्लावा बापाकडून मुलाकडे जाते. शेत विकता येतं, घर विकता येतं, स्लावा विकता येत नाही. ती घ्यायला पुढे कुणी नसलं की त्या घराची मेणबत्ती विझली, असं वाल्येवो शहराच्या आसपासच्या सगळ्या गावांत म्हणतात. रोसांदाचा नवरा तरुणपणीच गेला होता. वुकाशिन तिचा एकुलता एक. आणि वुकाशिन-नेवेनाच्या लग्नाला नऊ वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये दोघं वाल्येवोला डॉक्टरांकडे गेली होती. डॉक्टरबाई साठीच्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी दोघांचे कागद समोर ठेवले आणि आधी नेवेनाकडे पाहिलं.

"तुमचं सगळं ठीक आहे." मग वुकाशिनकडे वळून म्हणाल्या, "तुमचे शुक्राणू कमी आहेत. जे आहेत त्यांना धड पोहता येत नाही. वजन किती?"

"एकशे अठरा," वुकाशिन पुटपुटला.

"कारण तिथंच आहे. पोटावरची चरबी नुसती पडून राहत नाही, ती कारभार करते. रक्तातली साखर बिघडवते, पुरुषाच्या संप्रेरकाचं बाईच्या संप्रेरकात रूपांतर करते. त्यात तुम्ही झोपेत घोरता, श्वास अडकतो, झोप पुरी होत नाही. शरीर म्हणतं, आधी हा माणूस जगवू दे, मूल नंतर बघू." एवढं बोलून बाईंनी चष्मा काढला. "पण नवं बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे दर तीन महिन्यांनी पाटी नवी. जेवण बदला, चाला, दारू सोडा, वजन उतरवा. मूल होईलच असं मी लिहून देणार नाही. पण तुमच्यासारख्यांची झालेली मी पाहिली आहेत."

बाहेर गाडीत बसल्यावर वुकाशिनने स्टीअरिंगवर डोकं टेकलं आणि तो रडला. केवढा माणूस! अख्खा डुक्कर एकट्याने खांद्यावर टाकून मांसाला धुरी द्यायच्या खोलीत नेणारा, गावच्या जत्रेत दोन पोत्यांची पैज जिंकणारा... आणि त्याचे खांदे लहान मुलासारखे हलत होते.

"आईला सांगू नकोस, नेवेना. ती जीव देईल. आणि तिहोमिरच्या जिभेला हाड नाही, त्या दोस्ताला कळलं तर गावभर होईल. मला पुरुष कोण म्हणेल?"

नेवेनाने त्याचं डोकं उचलून आपल्या खांद्यावर घेतलं. "कुणाला काही कळणार नाही. दोष माझ्यात आहे, असं मी सांगेन."

"तू?"

"मी. बायकांना अशा बोलण्याची सवय असते. तू आधी बरा हो."

किती सहज म्हणाली होती ती! दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न, असं तिला वाटलं होतं. त्याच संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर खाली मान घालून सांगितलं, "आई, माझ्याच्याने होणार नाही असं डॉक्टर म्हणतात." रोसांदाच्या हातातला डाव क्षणभर हवेत थांबला. मग त्याच डावाने तिने मुलाच्या ताटात कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचे आणखी तीन मुटके वाढले, वर साय घातली, त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली,

"खा, बाळा. तुझी काय चूक!"

ते वाक्य नेवेनाला तेव्हा टोचलं होतं ते स्वतःसाठी. त्या वाक्यातलं खरं विष तिला कळायला तीन वर्षं जावी लागली.

कारण वुकाशिन बरा झाला नाही. पहिल्या आठवड्यात त्याने पाव कमी केला, रोसांदा घाबरली. "पोरगं झुरतंय! बायकोच्या दुःखाने अन्न सोडलंय!" आणि ताट दुप्पट भरलं. सकाळी डुकराच्या चरबीत तळलेली अंडी, दहाला चरबीचे कुरकुरीत तुकडे आणि पाव, दुपारी घट्ट रस्सा, जेवणाआधी आलुबुखाराच्या कडक दारूचा, राकियाचा छोटा पेला, जेवणानंतर मोठा. त्याने नको म्हणायचं तर का नको, ते सांगावं लागलं असतं. ते तर सांगायचंच नव्हतं! मग हिवाळा आला, आणि हिवाळा म्हणजे एकामागून एक स्लावा. ज्याच्या घरी संताचा दिवस, त्याच्या घरचं अन्न नाकारणं म्हणजे त्याच्या संताच्या तोंडावर दार आपटणं. वुकाशिन पाहुणा म्हणून वीस घरी गेला आणि वीस घरी त्याने पोट फुटेस्तोवर खाल्लं. एकशे अठराचे एकशे एकतीस झाले.

यंदाच्या सप्टेंबरात त्याला सारखी तहान लागू लागली, डोळ्यांपुढे धूसर दिसू लागलं. नेवेना त्याला पुन्हा डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. साखरेने रेषा ओलांडली होती. तो रक्त द्यायला आत गेला तेव्हा बाईंनी नेवेनाला विचारलं, "घरी स्वयंपाक कोण करतं?"

"सासूबाई."

"मी काय सांगितलं होतं ते त्यांना सांगितलंत?"

नेवेनाने नकारार्थी मान हलवली.

"मग तीन वर्षं तुम्ही नक्की काय लपवत होतात, बाई? माणूस की त्याचा रोग?"

परतताना गाडीत ती तोच प्रश्न मनात घोळवत राहिली. ज्या खोट्याला ती त्याग समजत होती... ज्याच्यासाठी तिने टोमणे गिळले, शेजारणींच्या कीव करणाऱ्या नजरा सोसल्या, गावातल्या बाळंतिणींच्या घरून 'तू नको येऊस' असे निरोप ऐकले... ते खोटंच रोज तिन्ही त्रिकाळ त्याच्या ताटात वाढलं जात होतं! तिने नवऱ्याची लाज झाकली, आणि त्या झाकणाखाली नवरा शिजत होता.

"वुकाशिन," घराचं फाटक दिसू लागल्यावर ती म्हणाली, "तुझी लाज मी आणखी तीस वर्षं वाहीन. तुझं प्रेत वाहणार नाही. आईंना सांग."

"सांगतो. स्लावा होऊन जाऊ दे."

स्लावाचा दिवस उजाडला. वुकाशिनच्या शर्टाच्या गळ्याचं बटण लावताना नेवेनाने सगळा जोर लावला, तरी काज आणि बटण यांच्यात बोटभर अंतर उरलं. तिने टाय वर सरकवून ते झाकलं. आणखी एक झाकण!

दुपारी घर भरलं. यजमान त्या दिवशी बसत नाही. तो उभा राहून पाहुण्यांची सेवा करतो. वुकाशिन सकाळपासून उभा होता. त्याच्या घोट्यांवर सूज चढली होती, श्वास तोंडाने चालला होता, आणि दर दोन फेऱ्यांनंतर तो भिंतीला पाठ टेकत होता.

"अरे, बस की रे!" तिहोमिर ओरडला. वुकाशिनच्या लग्नातला साक्षीदार, म्हणजे त्याचा कुम, सख्ख्या भावाहून जवळचा. जीभ मात्र वस्तऱ्यासारखी. "संत लुका स्वतः वैद्य होता, तोच म्हणेल याला खुर्ची द्या! का पोटात कुणाला लपवलंयस? नेवेनाला जमलं नाही म्हणून तूच..."

टेबल हसलं. वुकाशिनही हसला. नेवेनाने सुपाचं भांडं खाली ठेवलं.

पाद्री आले. प्रार्थना झाली. पाव हातांत धरून तो गोल फिरवायचा असतो, सगळ्यांचे हात त्याला लागतात, मग खालून कापून त्यावर लाल वाइन ओतायची आणि यजमानाने मोडून त्याचं चुंबन घ्यायचं. सगळं यथासांग झालं. पाद्री पुढच्या घरी गेले. मग रोसांदाने पेला उचलला. एवढ्या वर्षांत तिने कधी पाहुण्यांसमोर बोलायला पेला उचलला नव्हता, म्हणून सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"मी म्हातारी झाले," ती म्हणाली. "संताकडे एकच मागते. पुढच्या वर्षी या टेबलाशी अशी सून उभी असू दे, जी या घराला वारस देईल. कुणाला वाईट वाटो, चांगलं वाटो. माझ्या पोराचं वय जातंय. ब्रांकोवित्सा गावात एक विधवा आहे, दोन मुलं झालेली. म्हणजे कुशीची खात्री आहे. मी बोलून ठेवलंय."

नेवेना भिंतीशी उभी होती. तिला वाटलं, आता आपण रडणार. पण डोळे कोरडेच राहिले. तिने फक्त वुकाशिनकडे पाहिलं. याचना म्हणून नाही. निरोप घेतात तसं.

वुकाशिनच्या हातात अर्धा मोडलेला पाव होता. तो त्याने हळूच टेबलावर ठेवला.

"आई, पेला खाली ठेव."

"मी चुकीचं काय..."

"ठेव खाली. कुशीची खात्री हवी आहे ना तुला? नेवेनाच्या कुशीची खात्री डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच दिली आहे. दोष माझ्यात आहे."

"काय बोलतोयस तू? संताच्या दिवशी..."

"संताच्या दिवशीच बोलतोय. माझं बीज कमी आहे. हे पोट, ही चरबी, ही साखर, यांनी ते खाल्लं. डॉक्टरांनी सांगितलं, मी ऐकलं, आणि भ्यालो. ही बाई माझ्या वाटणीची शिवी तीन वर्षं खात राहिली आणि मी..." त्याचा आवाज फाटला. "मी तिच्यासमोर बसून जेवत राहिलो!"

तिहोमिरने तोंड उघडलं. सवयीने काहीतरी विनोदी त्याच्या जिभेवर आलंच असणार. पण तो उठला, वळसा घालून वुकाशिनजवळ गेला आणि त्याच्या खाली खुर्ची सरकवली. "बस. यजमान आजच्या दिवशी बसत नाही हे मला ठाऊक आहे. आज मी उभा राहतो तुझ्या जागी." आणि खरोखरच दिवस मावळेपर्यंत तिहोमिर हातात सुरई घेऊन उभा राहिला. हसला मात्र नाही.

रोसांदा स्वयंपाकघरात गेली होती. नेवेना मागोमाग गेली तेव्हा सासू चुलीजवळच्या स्टुलावर बसून पांढऱ्या चरबीच्या मोठ्या मडक्याकडे बघत होती.

"का नाही बोललीस?" तिने मान न वळवता विचारलं.

"तुम्ही माझ्यावर रागावत होतात, ते मला सोसवत होतं. तुम्ही त्याच्याकडे तसं बघितलं असतं तर तो मोडला असता."

"मी त्याच्याकडे तसं बघितलं असतं?"

"माहीत नाही, आई. मी भ्याले."

रोसांदाने मडक्यावर झाकण ठेवलं. मग ती बोलू लागली, कुणाशी म्हणून नाही. "त्र्याण्णवच्या हिवाळ्यात हा सहा वर्षांचा होता. युद्धाचे दिवस, दुकानं रिकामी. बाप नुकताच गेलेला. याच्या बरगड्या मोजता यायच्या, पोरी... एका रात्री म्हणाला, आई, मी झोपतो म्हणजे भूक लागणार नाही. तेव्हा मी शपथ घेतली. या पोराचं ताट पुन्हा कधी रिकामं दिसणार नाही!" तिने दोन्ही हात पुढे धरून पाहिले. "आणि याच हातांनी मी माझा नातू खाल्ला."

"असं बोलू नका. तुम्हाला माहीत नव्हतं."

नेवेनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. रोसांदाने तो झटकला नाही, पण धरलाही नाही. ती उठली, एप्रन सारखा केला आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "उद्यापासून काय शिजवायचं ते लिहून दे. मोठ्या अक्षरांत. माझा चष्मा जुना आहे."

त्यानंतरच्या चार महिन्यांत त्या घरात जे झालं ते नेवेनाने पाहिलं नसतं, तर तिचा विश्वास बसला नसता.

चरबीचं मडकं शेजारी गेलं. पंचेचाळीस वर्षं जिच्या हातच्या रश्शाला तालुका नावाजत होता, ती बाई सहासष्टाव्या वर्षी घेवडा बिनचरबीचा शिजवायला शिकली. पहिले तीनदा तो इतका बेचव झाला, की तिने स्वतःच चाखून पातेलं कोंबड्यांपुढे रिकामं केलं आणि वर म्हणाली, "कोंबड्यांनीही तोंड फिरवलं, मेल्यांनी!" चौथ्यांदा तिने त्यात भाजलेली लाल मिरची आणि लसूण कुटून घातली, आणि वुकाशिनने वाटी पुसून खाल्ली. रोज पहाटे ती त्याला टेकडीवरच्या चॅपेलपर्यंत चालवत नेई. तिचा उजवा गुडघा कामातून गेलेला होता. पण आई पुढे लंगडत चालली आहे म्हटल्यावर मुलाला मागे बसता येईना. "दम लागला?" ती वळून विचारी. "नाही," तो धापा टाकत सांगे. "मग मला लागलाय, थांब," म्हणून ती एका दगडावर टेके. आणि नेवेनाला ठाऊक होतं, तिला दम लागलेला नसे.

पण खरी परीक्षा होती ती स्लावांची. संत दिमित्री, संत जॉर्ज, मग मुख्य देवदूत. आठवड्याभराच्या अंतराने आमंत्रणं. न जाणं अशक्य, आणि जाऊन न खाणं त्याहून अशक्य.

एकवीस नोव्हेंबरला, मुख्य देवदूताच्या दिवशी, तिघं तिहोमिरच्या घरी गेली. तिहोमिरने सगळं ऐकलं होतं, समजलंही होतं, तरी हात जुन्या वळणाचे. त्याने वुकाशिनपुढे भाजलेल्या डुकराच्या पिलाची बरगडीकडची बाजू ठेवली, चकाकती, तेल गळणारी.

"आजचा एक दिवस, कुम. माझा संत आहे. एवढ्याने काय होतंय?"

वुकाशिनने काट्याला हात लावला. टेबलावरचे पंधरा जण बघत होते. तेवढ्यात रोसांदाने हात लांब करून ते ताट स्वतःकडे ओढलं.

"याच्या वाट्याचं मी खाते," ती म्हणाली.

"काकू, तुमच्यापुढे आहे की तुमचं..."

"तेही खाते. याच्यापुढे घेवडा ठेव, मासा असेल तर मासा ठेव. आणि तुझ्या संताला राग आला, तर तो माझ्यावर येऊ दे. का ते विचारा मला, सगळ्यांनी! मी सांगते. मी माझ्या पोराला माया म्हणून चरबी चारली, आणि सुनेला वांझ म्हणून शिव्या दिल्या. दोन्ही चुका माझ्या. आता जो माझ्या पोराला आग्रह करील त्याने आधी मला आग्रह करावा."

टोकाला बसलेली एक म्हातारी कुजबुजली, "रोसांदाला वेड लागलं. पोराची अब्रू चव्हाट्यावर मांडतेय."

"माझी मांडतेय, गं," रोसांदा तोंडात घास असतानाच म्हणाली. "त्याची त्याने स्वतःच मांडली, पुरुषासारखी. तुझ्या नवऱ्याला जमेल?"

त्या हिवाळ्यात तिने अकरा घरी हे केलं. दोन घरांनी तिला पुढच्या समारंभाला बोलावलं नाही. एकाने वाटेत ओळख दाखवली नाही. पन्नास वर्षं जपलेला मान तिने असा पंक्तीपंक्तीतून वाटून टाकला... आणि नेवेना प्रत्येक वेळी शेजारी बसून बघत राहिली. तिने तीन वर्षं नवऱ्याची लाज चार भिंतींच्या आत अंगावर घेतली होती; ही बाई भर सभेत घेत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर साधी सुरकुती हलत नव्हती. जिने आपल्याला इतकं दुखावलं, तिच्याबद्दल मनात असा आदर दाटून यावा, याचं नेवेनाला राहून राहून नवल वाटे.

आणि तरीही... एक काटा निघत नव्हता. रोसांदाने पंधरा लोकांसमोर चूक कबूल केली. पण घरात, दोघीच असताना, नेवेनाला तिने एकदाही काही म्हटलं नव्हतं. 'मीठ दे', 'खिडकी लाव', 'त्याचे बूट ओले आहेत', एवढंच. मुलाचं ताट बदललं होतं. सुनेशी बोलणं बदललं नव्हतं. आपण कधीपर्यंत या घरात मुलाच्या औषधासारख्या राहणार, असं नेवेनाला कधी कधी वाटे आणि मग स्वतःच्याच क्षुद्रपणाची लाज वाटे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी तिघं वाल्येवोला गेली. रोसांदा हट्टाने बरोबर आली आणि दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर हातात पर्स घट्ट धरून बसली. आत डॉक्टरबाईंनी कागद उलगडले.

"सतरा किलो कमी. साखर रेषेच्या आत. घोरणं?"

"थांबलंय," नेवेना म्हणाली. "पहिल्या काही रात्री मीच जागी राहिले. इतकं शांत, की वाटलं श्वास चालू आहे ना..."

बाई पहिल्यांदाच हसल्या. "शुक्राणू दुपटीहून जास्त. किमान हवेत तितक्यांच्या जरासे वर. पोहतायतही बरे. मी वचन देत नाही, हे लक्षात ठेवा. पण आता तुमच्याकडे आशा आहे, आणि ती कागदावर आहे. हे कुणी केलं?"

वुकाशिनने दाराकडे बोट दाखवलं. बाई उठल्या, दार उघडून बाकावरच्या म्हातारीकडे त्यांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमच्या गावातल्या आणखी दोघांना पाठवते तुमच्याकडे. घेवडा शिकवाल?"

"मिरच्या त्यांनी आणाव्या," रोसांदा म्हणाली.

गाडीत तिने आकडे विचारले नाहीत. फक्त उतरताना वुकाशिनचं मनगट धरून म्हणाली, "तू बरा आहेस ना? मग झालं."

त्याच आठवड्यातला रविवार क्षमेचा होता. दुसऱ्या दिवशी ईस्टरआधीचे मोठे उपास सुरू होतात. त्याआधी माणसांनी एकमेकांचं मन धुऊन घ्यायचं. रीत ठरलेली आहे. धाकट्याने वाकायचं, मोठ्याच्या हाताचं चुंबन घ्यायचं आणि म्हणायचं, 'क्षमा करा'. मोठ्याने म्हणायचं, 'देव क्षमा करो'. नेवेना दर वर्षी अशी वाकत आली होती. ज्या तीन वर्षांत तिने न केलेल्या अपराधाची शिक्षा भोगली, त्या वर्षांतही वाकली होती, आणि रोसांदाने तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत 'देव क्षमा करो' म्हटलं होतं.

चर्चमधून आल्यावर तिघं टेबलाशी बसली. सूप वाढलेलं होतं. आधी वुकाशिन वाकला. मग नेवेना उठली, सासूच्या खुर्चीजवळ गेली, वाकली, आणि हात पुढे करून थांबली. चुंबनासाठी हात आलाच नाही.

तिने वर पाहिलं. रोसांदा खुर्चीवरून उठली होती. एका हाताने टेबलाची कड धरून ती आपला खराब गुडघा हळूहळू जमिनीकडे नेत होती.

"आई! हे काय करताय?" वुकाशिन उठला.

"तू बस. हे तुझं नाही." गुडघा फरशीला टेकला तेव्हा तिचा चेहरा वेदनेने पांढरा झाला. मग तिने नेवेनाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. भाजलेले, खरखरीत, लसणाचा वास येणारे ते हात... आणि सुनेच्या हातांवर कपाळ टेकलं.

"लोकांपुढे बोलणं सोपं होतं, पोरी. लोक माझे कुणी लागत नाहीत. तू लागतेस. म्हणून चार महिने तोंड उघडेना. मी तुला वांझ म्हटलं. तू माझ्या पोराला वाचवत होतीस आणि मी तुला घरातून काढायला निघाले होते. मला क्षमा कर."

"माझीही चूक आहे, आई!" नेवेनाच्या डोळ्यांतून आता धारा लागल्या होत्या. "मी खोटं बोलले. ते खोटंच त्याच्या ताटात..."

"ते तुझं तू देवाशी बघ. मी माझं मागतेय. म्हण काय म्हणायचं ते, गुडघा फुटतोय माझा."

नेवेनाने तोंड उघडलं. जीभ लहानपणापासून त्याच शब्दांना सरावलेली होती. पण ते शब्द क्षमा देवाच्या हवाली करतात, आणि आज तिला ती कुणाच्याही हवाली करायची नव्हती.

"देवाचं देव बघेल," ती म्हणाली. "मी क्षमा केली, आई. मी स्वतः."

रोसांदाने मान हलवली. जे मागायला आली होती ते मिळालेल्या माणसासारखी. आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपल्याला उठता येत नाही. वुकाशिन धावत आला, त्याने एका बाजूने धरलं; नेवेनाने दुसऱ्या बाजूने काखेत हात घातला.

"तू सोड!" रोसांदा तिच्यावर खेकसली. "ओझं उचलू नकोस. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ऐकलं नाहीस? आता कधीही काहीही होऊ शकतं."

नेवेना रडता रडता हसली. हात मात्र तिने सोडला नाही.